किती पाणी आलं होतं?

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, काकूंच्या बैठकीच्या खोलीत, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर भिंतीवर एक मातकट रेघ आहे. तिच्यावरून दोनदा रंगाचा हात फिरला, तरी पावसाळी हवा सुटली की ती पुन्हा अंधूक दिसू लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरच्या अंबाझरी तलावाचे पाणी जिथवर चढून थांबले, तिथली ती खूण आहे. गेल्या अडीच वर्षांत या रेघेसमोर नातेवाईक, पत्रकार, पंचनाम्याला आलेले कर्मचारी, इच्छुक, उमेदवार, उमेदवारांच्या वहिनी असे पुष्कळ लोक येऊन उभे राहिले आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता, “किती पाणी आलं होतं?” काकू सुरुवातीला कमरेच्या वर हात धरून दाखवत असत. पुढे पुढे त्या नुसते भिंतीकडे बोट करू लागल्या.

या प्रश्नात वाईट काहीच नाही. मयताच्या घरी गेल्यावर आपण “कधी झालं?” असे विचारतो, तसाच हा बोलायला सुरुवात करण्याचा प्रश्न आहे. मात्र इतक्या वेळा तो ऐकल्यावर माझे लक्ष त्याच्यापेक्षा त्याच्यानंतर येणाऱ्या क्षणाकडे जाऊ लागले. उत्तर मिळाल्यावर हा माणूस आता काय विचारतो, की काहीच न विचारता हात जोडून पुढच्या फाटकाकडे वळतो, हे मी पाहत आलो आहे. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनात आपल्याविषयी किती कळवळा आहे हे मोजण्याचे दुसरे खात्रीचे माप मला अजून सापडलेले नाही.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. अंबाझरीच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या आत आमचे लेआउट आहे. ज्या नदीवरून या शहराला नाव मिळाले तिला आम्ही लेआउटमधली माणसे वर्षभर सरळ नाला म्हणतो आणि पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतो, त्यामुळे आपण नदीकाठी राहतो याचे भान आम्हांला त्या रात्रीपर्यंत नव्हते.

तो शुक्रवार होता आणि काकूंकडे महालक्ष्म्यांचे जेवण होते. पश्चिमेकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पत्र्याच्या कोठ्यांवर उभ्या, नऊवारी नेसवलेल्या, समोर त्यांची लेकरे, डोक्यावर करंज्या-साटोऱ्यांचा फुलोरा. कोठ्यांमध्ये गहू-तांदूळ भरायची काकूंच्या सासूबाईंपासूनची पद्धत. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कढी असे चाळीस-पन्नास पाने उठेपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठवायच्या होत्या. मध्यरात्रीनंतर पावसाने जोर धरला. शहरात पहाटे साडेपाचपर्यंत १०६ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्यातला बहुतेक काही तासांत कोसळला, हे नंतर वर्तमानपत्रांतून कळले. आम्हांला कळले ते खालून आलेल्या काकूंच्या हाकेने.

जिन्याच्या चौथ्या पायरीवर मी उभा होतो आणि खालच्या तीन पायऱ्या नव्हत्या. वीज गेलेली. मोबाइलच्या उजेडात काकूंच्या घरातून चपला, प्लास्टिकची घागर, पत्रावळींचा उरलेला गठ्ठा तरंगत बाहेर येत होता. फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता. काकांना गुडघ्याचा त्रास आहे. त्यांना आम्ही दोघा-तिघांनी धरून वर आणले. काकू मात्र यायला तयार होईनात. छातीपर्यंत पाण्यात उभ्या राहून त्या महालक्ष्म्यांचे मुखवटे सोडवत होत्या. दोन्ही मुखवटे पदरात घेऊन त्या जिना चढल्या आणि आमच्या बैठकीतल्या टीव्हीच्या टेबलावर ते ठेवून, ओल्या लुगड्यानिशी त्यांच्याकडे पाठ न करता बराच वेळ बसून राहिल्या. कोठ्या खालीच राहिल्या. त्यांतले गहू-तांदूळ दोन दिवसांनी आंबून फुगले आणि त्या वासाने आमच्या घरातही जेवण जाईना.

पहाटे काकांनी हळूच माझ्या बायकोला विचारले, “तुमच्याकडे इन्सुलिन नसेल ना?” त्यांचे इन्सुलिन त्या आडव्या पडलेल्या फ्रिजच्या दारात होते.

त्या पुराची सार्वजनिक हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडले आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीपर्यंतचा पट्टा पाण्याखाली गेला. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना पथकांनी बाहेर काढले. राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती दलांच्या जोडीला सैन्याच्या तुकड्याही आल्या. माणसे गेली, सुमारे १० हजार घरांचे नुकसान झाल्याचे सांगण्यात आले. बाधित कुटुंबाला १० हजार रुपये, दुकानांना ५० हजारांपर्यंत आणि टपऱ्यांना १० हजारांपर्यंत मदत जाहीर झाली. पुढे तलावाच्या सांडव्याचा आणि त्याच्यासमोरच्या बांधकामाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. दोष कोणाचा हे ठरवणाऱ्या त्या सगळ्या वादाला मी इथे हात लावत नाही. मला बोलायचे आहे ते दारात आलेल्या माणसांविषयी.

शनिवारी सकाळी सातच्या सुमारास सर्वांत आधी आले ते एक माजी नगरसेवक. ‘माजी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. नागपूर महापालिकेची मुदत ४ मार्च २०२२ रोजी संपली होती आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे होता, म्हणजे १५१ नगरसेवकांच्या या शहरात पुराच्या रात्री एकही नगरसेवक नव्हता. रात्री तीन वाजता फोन कोणाला लावायचा हा प्रश्न आमच्या इमारतीत तेव्हा अक्षरशः विचारला गेला होता. माझ्या मोबाइलमध्ये ज्यांचा क्रमांक ‘नगरसेवक’ म्हणून जपून ठेवलेला होता ते दीड वर्षापूर्वीच पायउतार झाले होते. तरी मी फोन लावला आणि त्यांनी तो उचलला. सकाळी ते पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, केळ्यांची फणी आणि पाण्याचे कॅन घेऊन आले, “किती पाणी आलं होतं?” असे त्यांनीही विचारले आणि मग म्हणाले, “संडासाचं पाणी उलटं येतंय का?” येत होते. त्यांनी कोणाला तरी फोन करून चेंबर उघडायला माणसे मागवली. बोलणे एवढेच झाले. पुराने वेढलेल्या घरात साठ-सत्तर वर्षांच्या माणसांना सकाळी सातला कोणती अडचण असते हे त्या माणसाला माहीत होते, आणि ती अडचण कोणीही आपल्या तोंडाने सांगणार नाही हेही माहीत होते.

दुपारी दुसरे एक गृहस्थ आले. पुढच्या वर्षी तिकिटाची आशा असलेले, पांढरे कपडे, सोबत वीस-पंचवीस जण आणि त्यांतले दोघे मागे-मागे चालत चित्रीकरण करणारे. तोवर पाणी ओसरले होते आणि फरशीवर घोटाभर काळा गाळ होता. दारात बूट काढायचे की नाही असा प्रश्न त्यांना क्षणभर पडलेला मी पाहिला. बूट काढावेत तर गाळ, न काढावेत तर घर. ते उंबऱ्यावरच थांबले. “आई, किती पाणी आलं होतं?” काकूंनी हात दाखवला. “काळजी करू नका, आम्ही आहोत,” असे म्हणून त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढ्यात मागून कोणीतरी “भाऊ, जरा इकडे पाहा” म्हणाले आणि भाऊंनी तिकडे पाहिले. काकूंचा हात तेव्हा तसाच हवेत होता, पाण्याची उंची दाखवत. ते छायाचित्र पुढे कुठल्याशा पत्रकात छापून आले आणि त्यात त्या आशीर्वाद देत असल्यासारख्या दिसतात.

यावर आमच्या इमारतीत हशा झाला, टिंगलही झाली, आणि ती करणाऱ्यांत मी पुढे होतो. थोडे दिवस गेल्यावर मात्र मला न्यायाने वागायला हवे असे वाटू लागले. ते गृहस्थ येणार म्हणून आमच्या गल्लीतला पडलेला गुलमोहर सकाळी अकरालाच कापून बाजूला झाला होता; शेजारच्या गल्लीतला सोमवारपर्यंत तसाच होता. पुढारी येतो तेव्हा त्याच्या पुढे-पुढे यंत्रणा येते, पंप येतो, जेसीबी येतो. त्यामुळे ‘हे लोक नुसते फोटो काढायला येतात’ असे म्हणणाऱ्याने, ते आलेच नसते तर काय झाले असते याचाही विचार करावा. येणे ही गोष्ट लहान नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला चार मिनिटे असताना झाला आणि मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी तिकडे पोहोचले, हे राजकारणाने त्यांच्यापासून दूर असलेली माणसेसुद्धा तीस वर्षांनंतर सांगतात. लोक अशी येणी विसरत नाहीत, आणि न येणीही.

पण येण्याला भूगोल असतो. आमच्या लेआउटमध्ये त्या आठवड्यात सहा जण येऊन गेले. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी नदीच्या काठाकाठाने पुढे, पूर्वेकडच्या एका वस्तीत राहतात. त्या तिसऱ्या दिवशी कामावर आल्या, आणि बायकोने विचारले तेव्हा भांडी घासता घासता म्हणाल्या, “आमच्याकडं तं कोनीच नाई आलं, ताई. पानी आलं, गेलं. आमीच काढलं.” त्यांच्या घरात आमच्या काकूंच्या घरापेक्षा कमी पाणी शिरले होते, पण त्यांच्या घरात वर ठेवायला वरचा मजला नव्हता.

त्यांची गोष्ट इथे संपत नाही. पाणी ओसरल्याबरोबर त्यांनी घर धुऊन काढले, कारण सहा माणसांना रात्री त्याच जमिनीवर झोपायचे होते. पंचनाम्याचे पथक पोहोचले तोवर जमीन कोरडी, भांडी लावलेली, गोधडी दोरीवर वाळत टाकलेली. “नुकसान दिसत नाही” असा शेरा पडतो की काय, या भीतीने पुढचे दोन आठवडे त्या कामावरून सुटल्यावर एका कार्यालयात चकरा मारत होत्या. माझ्या बायकोने त्यांच्यासोबत जाऊन अर्ज लिहून दिला. अर्जात ‘नुकसानीचा पुरावा’ असा रकाना होता आणि तिथे काय लिहावे हे दोघींना सुचेना. आमच्या काकूंनी मात्र कोणाच्या तरी सल्ल्याने गाळ दोन दिवस तसाच ठेवला होता आणि त्यांचा पंचनामा पहिल्याच फेरीत झाला. काकूंकडे गाळ ठेवायला वेगळी खोली होती. मदतीचे पैसे मावशींना शेवटी मिळाले. पण घर लवकर धुतले ही आपली चूक झाली असे त्या आजही मानतात. त्या वस्तीत मते मागायला आजवर गेलेल्या एकाही उमेदवाराने ‘तुम्ही घर कधी धुतलं?’ असे विचारल्याचे मला ठाऊक नाही.

हे सगळे चालू असताना मला राहून राहून मोवाड आठवत होते. नरखेड तालुक्यातले, वर्धा नदीच्या काठचे हे गाव. ३० जुलै १९९१ रोजी नदी गावातून गेली आणि २०४ माणसे घेऊन गेली. मी तेव्हा नागपुरात कॉलेजात होतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका तुकडीबरोबर ऑगस्टमध्ये आठ दिवस तिथे होतो. आमचे काम साधे होते, ट्रकमधून आलेले सामान उतरवून वाटायचे. सामान पुष्कळ येत होते, खरे तर नको इतके. जुन्या कपड्यांचे ढीग शाळेच्या व्हरांड्यात भिजत पडले होते. त्यांत विदर्भातल्या शेतकऱ्याने कधी घालू नयेत असे कोट-टायसुद्धा होते.

तिथे मी एक माणूस पाहिला. जवळच्याच एका गावचा, पन्नाशीचा, एका पक्षाचा तालुक्यातला कार्यकर्ता; पुढे जिल्हा परिषदेला उभे राहायचे त्याच्या मनात होते आणि तो ते लपवतही नव्हता. रोज सकाळी सायकलवर यायचा आणि घरोघर नव्हे, कारण घरे नव्हतीच, तर झाडोझाड बसलेल्या म्हाताऱ्यांजवळ बसायचा. त्याच्याकडे शाळकरी मुलांची शंभर पानी वही होती. एकदा मी ती डोकावून पाहिली. पहिल्या पानावर वरती एकच शब्द होता, ‘चष्मे’, आणि त्याखाली नावे. पुढच्या पानावर ‘कवळ्या’. त्याच्या पुढच्यावर ‘बँकेची पासबुके’ आणि मग ‘दाखले’.

आठ दिवस सामान उतरवणाऱ्या आम्हां पंचवीस पोरांपैकी एकाच्याही डोक्यात हे आले नव्हते की पूर रात्री-पहाटे माणसाला अंथरुणातून उठवतो तेव्हा उशाशी ठेवलेला चष्मा वाहून जातो, आणि मग मदतीच्या यादीत आपले नाव आहे की नाही हेसुद्धा म्हाताऱ्याला वाचता येत नाही. दानशूर लोक धान्य पाठवतात, घोंगड्या पाठवतात. चष्मा कोणी पाठवत नाही, कारण प्रत्येकाचा नंबर निराळा. सहानुभूती हा आपल्याकडे सभेत वापरून गुळगुळीत झालेला शब्द आहे. ‘सह-अनुभूती’ अशी त्याची फोड करून दाखवणारे वक्तेही मी ऐकले आहेत. त्या वहीत तो शब्द कुठे नव्हता. नुसते नंबर होते, प्लस दोन, प्लस अडीच, कोणी तरी अंदाजाने सांगितलेले. तो माणूस पुढे उभा राहिला का, निवडून आला का, याची चौकशी मी कधी केली नाही. वयाच्या विसाव्या वर्षी ते सुचले नाही आणि नंतर लाज वाटली.

उमेदवाराच्या आपत्तीतल्या वागण्यावर निवडणुका फिरतात, असे म्हणतात, आणि तशी उदाहरणे आहेत. जर्मनीत २००२ च्या ऑगस्टमध्ये एल्ब नदीला महापूर आला तेव्हा चॅन्सेलर श्रोडर रबरी बूट घालून चिखलात उतरले; महिनाभराने झालेल्या मतदानात त्यांचा पक्ष प्रतिस्पर्ध्यांच्या पुढे राहिला तो देशभरात मिळून केवळ ६ हजारांच्या आसपास मतांनी. त्याच देशात जुलै २०२१ च्या पुरात १८० हून अधिक माणसे गेली आणि एर्फ्टश्टाट या गावी राष्ट्राध्यक्ष दुखवट्याचे बोलत असताना, मागे उभे असलेले चॅन्सेलरपदाचे उमेदवार आर्मिन लाशेट कशावर तरी हसताना कॅमेऱ्यात सापडले. त्यांनी माफी मागितली. सप्टेंबरमध्ये त्यांचा पक्ष हरला. माझा भाचा त्या वेळी कोलोनजवळ नोकरीला होता. तो फोनवर म्हणाला होता, “मामा, तो माणूस वाईट नसेलही. पण त्याच्या मागची घरं अजून ओली होती.”

मात्र हा हिशेब सगळीकडे इतका सरळ लागत नाही. चेन्नईत डिसेंबर २०१५ च्या पुरात मदतीच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांच्या छबीचे स्टिकर लावले गेले म्हणून देशभर टीका झाली, आणि पाच महिन्यांनी त्याच मुख्यमंत्री पुन्हा निवडून आल्या. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरला ऑगस्ट २०१९ मध्ये तेच झाले. धान्याच्या पाकिटांवर छायाचित्रे, बोटीतून हसत हात हलवणारे मंत्री, आणि त्यांच्या जोडीला, घर दोन दिवस पाण्याखाली असेल तर मोफत धान्य अशी अट घालणारा सरकारी आदेश. त्या आदेशाचा मला राग आला त्याहून जास्त त्याचा विचार पडला. ‘किती पाणी आलं होतं?’ हाच प्रश्न कोणीतरी टेबलाशी बसून, फक्त पाण्याऐवजी दिवस घालून, कागदावर उतरवला होता. त्याच्या पुढचा प्रश्न, म्हणजे एका रात्रीत कणगीतले ज्वारी-गहू किती भिजतात हा, तिथे कोणी विचारलाच नव्हता.

आणि आपण मतदार? अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्या सत्ताधाऱ्यांना मतदार मते देऊन परतफेड करतात; आपत्तीआधी तयारीवर खर्च करणाऱ्याला मात्र काहीच मिळत नाही, असे त्यांना आढळले, आणि तयारीवरचा एक डॉलर पुढच्या सुमारे १५ डॉलरांचे नुकसान वाचवतो असा त्यांचा हिशेब होता. हे वाचल्यावर मला आमचा उन्हाळा आठवला. दरवर्षी पावसाळ्याआधी नाग, पिवळी आणि पोरा या तिन्ही नद्यांतला गाळ काढण्याचे काम चालते. मे महिन्याच्या बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात पोकलेन नदीत उभा असतो, काठावर काळ्या गाळाचे ढीग पडतात आणि त्यांचा वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्या आमच्या लेआउटच्या अर्जावर माझी सही आहे. पुराच्या आधीच्या वर्षीच्या अर्जावर. त्या उन्हात नदीकाठी उभे राहून गाळ किती खोल निघाला हे पाहणारा कोणी इच्छुक असलाच, तर त्याचे छायाचित्र कोणी काढले नसेल आणि मी तर त्याला ओळखलेही नसते.

पुरानंतरची पहिली निवडणूक लोकसभेची, १९ एप्रिल २०२४. प्रचाराच्या दिवसांत आमच्या गल्लीत पुराचा उल्लेख झाला, पण ओझरता. भाषणे देशाची होती, उन्हाळा होता, आणि उन्हाळ्यात पूर कोणाला आठवत नाही. नोव्हेंबरमध्ये विधानसभा आली. तेव्हा मात्र रेघेसमोर माणसांची रीघ लागली. एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी काकूंना, पुराचे व्हिडिओ असतील तर द्या, विरोधकांवर सोडायचे आहेत, असे सांगितले. दुसऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी, तुम्हांला १० हजार आमच्यामुळेच मिळाले हे लक्षात असू द्या, असे बजावले. काकू दोघांनाही चहा देऊन मोकळ्या झाल्या. काका तेव्हा नव्हते. पावसाळ्यात गेले, आजारपणानेच. पुराशी त्याचा संबंध जोडू नका असे काकू स्वतःच सांगतात. तरी, मते मागायला आलेल्या एका तरुणाने भिंतीवरच्या रेघेकडे आणि मग हार घातलेल्या तसबिरीकडे पाहून, आवाज खाली आणून, “पुरात गेले का?” असे विचारले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्या “नाही” म्हणाल्या. तो तरुण, मला वाटले, जरासा निराश झाला.

आणि मग अखेर महापालिका. जवळजवळ चार वर्षे प्रशासकाच्या हाती असलेल्या शहरात १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. आमच्या प्रभागात चार जागा, म्हणजे एका मतदाराला चार मते, म्हणजे दाराशी येणाऱ्यांची गर्दीही चौपट. थंडीचे दिवस, काकू शाल गुंडाळून दारातच खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या आणि येणाऱ्याची पत्रके मांडीवर एकावर एक रचत असायच्या. अशाच एका संध्याकाळी महिला गटातल्या एक उमेदवार आल्या. पक्ष मी ज्याला आजवर मत दिले नाही असा. वय पस्तीस-चाळीस, घसा बसलेला, सोबत चार-पाच बायका आणि ढोलवाला. ढोलवाल्याला त्यांनी फाटकाबाहेर थांबवले. आत आल्या, पाया पडल्या, आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाल्या, “काकू, इथं किती पाणी आलं होतं हो?”

काकूंनी रेघेकडे बोट केले. मी जिन्यात उभा होतो, चौथ्या पायरीवर, आणि सवयीने वाट पाहत होतो.

त्या बाई रेघेकडे पाहत राहिल्या. मग त्यांची नजर खोलीच्या कोपऱ्यात गेली. तिथे पत्र्याच्या त्या दोन कोठ्या आहेत. पुरानंतर काकूंनी त्या घासून-पुसून, तळाला गंज चढला असतानाही, टाकून न देता ठेवल्या आहेत.

“महालक्ष्म्यांच्या ना या?” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी होत्या नं. मग आता कुठं बसवता?”

अडीच वर्षांत हे कोणी विचारले नव्हते; आम्हीही नाही, कारण आम्हांला ठाऊकच होते. काकू उठल्या. गेली दोन वर्षे त्या महालक्ष्म्या आमच्याकडे, वरच्या मजल्यावर बसवतात, स्वयंपाक खाली करतात आणि वय झालेल्या गुडघ्यांनी पुरणाची पातेली जिन्यावरून वर आणतात, हे त्यांनी त्या बाईंना सांगितले नाही, दाखवले. हात धरून त्यांना जिन्यापर्यंत आणले. “मोजा,” त्या म्हणाल्या, “सतरा पायऱ्या आहेत. आणि कढी सांडते.” मी बाजूला सरकलो. त्या बाई खरोखर वरपर्यंत मोजत आल्या, काकू मागून कठड्याला धरून, आणि फाटकाबाहेर ढोलवाला घड्याळ पाहत उभा होता.